कळलावीचे कंद: माल पक्का, माहिती कच्ची

★★★☆☆

कळलावीची वेल रानातून उपटून आणू नये, या मताची मी. औषधासाठी कंद खणून खणून जंगलातली कमी झालीय. म्हणून जूनमध्ये अमरावती रोडवरच्या एका नर्सरीत गेले. कंद ८० रुपयाला एक. माल खरंच चांगला, टणक आणि टोकं शाबूत. घेताना टोकच बघा, कोंब फुटतो तो डोळा तिथंच असतो. ते मोडलं की कंद वाया.

तिथला पोरगा म्हणाला, "काकू, काळ्या मातीत लावा न् रोज पाणी द्या." आपल्या काळ्या मातीत पाणी तुंबून कंद सडतो हो! मी निम्मी रेती-मुरूम, थोडं शेणखत, कुजलेला पाला घेतला, कंद आडवा ठेवून वर दोन-तीन इंच माती. मुळाशी सावली, शेंड्याला ऊन. पानांची टोकंच तणावे होतात. बाल्कनीच्या जाळीला वळसे घालत वेल सरसर वर गेली. ऑगस्टमध्ये फुलं. आधी हिरवट, मग पिवळी, मग लालभडक. पाकळ्या मागे वळलेल्या, आणि मधली दांडी काटकोनात एका बाजूला मोडलेली. बघत राहावं असं.

दिवाळीच्या सुमारास वेल वाळते. मेली समजून फेकू नका. पाणी बंद करून कुंडी सावलीत सरकवा.

दोन स्टार कापले ते विषासाठी. सगळ्या झाडात, कंदात आणि बियांत तर फारच, कोल्चिसीन हे विष असतं. गाऊटवर, म्हणजे सांधे सुजण्याच्या दुखण्यावर, औषध म्हणून देतात तेच, पण मात्रा चुकली की उलट्या-जुलाबांपासून थेट अस्थिमज्जेपर्यंत दणका. रताळं समजून खाल्ल्यानं माणसं दगावलीत. आणि इथे हे कंद सुरण-आंबेहळदीच्या शेजारच्या क्रेटमध्ये, पाटीविना! एकादशीला रताळी आणणाऱ्या घरात ही पिशवी ओट्यावर राहिली तर?

मालकांना बोलले. "विषारी लिहिलं की गिऱ्हाईक घेत नाही ना ताई." तामिळनाडूचं राज्यफूल आहे, हे लिहायला मात्र लगेच तयार!

कंदासाठी जरूर जा. पिशवीवर मार्करनं 'विषारी' लिहून मागा, लावताना हातमोजे घाला. घरात रांगतं मूल किंवा कुंड्या उकरणारं कुत्रं असेल तर सरळ तेरडा घ्या. तोही तिथं छान मिळतो, २० रुपयाला.