पीओ, पी की व्ही? ब्रेकपॉइंटवर काय टाइप करावं

आयफोनचं ॲप ब्रेकपॉइंटवर, म्हणजे बग शोधायला कोडमध्ये आपण खूण केलेल्या ओळीवर, थांबलं की बहुतेकांची बोटं आपोआप 'पीओ' टाइप करतात. मीही बरीच वर्षं तेवढ्यावरच भागवलं. पण एक्सकोड (ॲपलचं ॲप बनवायचं साधन) मधल्या एलएलडीबी या डीबगरमध्ये व्हॅल्यू बघायला 'पी' आणि 'व्ही'ही आहेत.

'पीओ' ऑब्जेक्टलाच विचारतं, 'तू कोण?' आणि त्याचं डिस्क्रिप्शन छापतं. यूआयव्ह्यूवर, म्हणजे स्क्रीनवरच्या एखाद्या घटकावर मारा, क्लासचं नाव, मेमरीतला पत्ता, फ्रेम (जागा आणि आकार) एका ओळीत. लेआउट बिघडलं असेल तर मला दुसरं काही लागत नाही.

गोम अशी की हे उत्तर देण्यासाठी 'पीओ' तुमच्या ॲपमध्ये खरोखर कोड चालवतं. एका ॲपमध्ये लोकेशन येत नव्हतं. ब्रेकपॉइंट लावून लोकेशन मॅनेजरवर 'पीओ' मारलं, तर सगळं ठीक, आणि ॲप पुढे सोडलं तर लोकेशनही यायला लागलं! अर्धी दुपार गेली. मॅनेजर लेझी प्रॉपर्टी होता, म्हणजे पहिल्यांदा वापरला तरच तयार होणारा, आणि ॲपमध्ये त्याला कुणी हातच लावत नव्हतं. माझ्या 'पीओ'नेच तो पहिल्यांदा तयार होत होता. शेवटी सेल्फवर 'व्ही' मारलं, तेव्हा लेझी स्टोरेजसमोर सरळ निल (काहीच नाही) दिसलं.

'व्ही' 2019 साली एक्सकोड 10.2 बरोबर आलं. ते कोड चालवत नाही, मेमरीत आहे तेच वाचून दाखवतं. म्हणून झटपट, आणि 'पीओ' जेव्हा एक्स्प्रेशन कंपाइल होत नाही म्हणून एररची लांबलचक रांग ओकतं, तेव्हाही बहुधा चालतं. कार्टमधल्या पहिल्या वस्तूची किंमत हवी? टिंब आणि चौकोनी कंस लावत आत शिरा. पण कार्टचं टोटल कंप्युटेड प्रॉपर्टी, म्हणजे दर वेळी कोड चालवून काढलेलं, असेल तर 'व्ही' हात वर करणार. ती व्हॅल्यू मेमरीत साठवलेलीच नसते, दाखवणार कुठून?

तिथे 'पी'. फंक्शन कॉल करा, दोन व्हॅल्यूंची बेरीज करा, जमतं. एक्सकोड 15 पासून 'पी' जरा शहाणं झालंय: नुसतं व्हेरिएबलचं नाव दिलं तर कोड न चालवता वाचायचा प्रयत्न करतं, जमलं नाही तरच कंपाइल करतं.

माझं मत विचाराल तर स्ट्रक्ट, एनम, ऑप्शनल अशा स्विफ्ट भाषेतल्या साध्या व्हॅल्यूंना आधी 'व्ही'. व्ह्यू, एरर, यूआरएल रिक्वेस्ट यांना 'पीओ'. हिशेब करायचा तर 'पी'.

थांबल्यामुळेच बग पळतो, असं ॲनिमेशन आणि नेटवर्कच्या टायमिंगमध्ये होतं. तिथे तिघांचाही उपयोग नाही. ब्रेकपॉइंट एडिट करून लॉग मेसेजची ॲक्शन द्या आणि आपोआप पुढे जाण्याची खूण करा. प्रिंट लिहून पुन्हा बिल्ड करण्यापेक्षा बरं, आणि कमिटमध्ये (जतन केलेल्या कोडमध्ये) 'इथे आलो' अशा ओळी जात नाहीत. मात्र सेकंदाला शेकडो वेळा चालणाऱ्या लूपमध्ये हा ब्रेकपॉइंट ॲपला रांगायला लावतो. तिथे मी निमूटपणे प्रिंटच लिहितो.