महागडी स्पीकर केबल : किंमत आणि कानाचा कौल

परिचयाच्या दुकानदाराने घरी ऐकून पाहण्यासाठी दिलेली ही स्पीकर केबल दिसायला देखणी आहे. अंगठ्याएवढी जाडी, विणलेले आवरण, टोकांना सोन्याचा मुलामा दिलेले बनाना प्लग. तीन मीटरच्या जोडीची किंमत मात्र चांगल्या स्पीकरच्या जोडीइतकी आहे, आणि तिने तार सप्तक खुलते व खर्ज भरीव होतो, असा दुकानदाराचा दावा आहे. विजेच्या सामानाच्या दुकानात मीटरवर मिळणाऱ्या अडीच चौरस मिलिमीटरच्या साध्या तांब्याच्या वायरशी तिची तुलना करून पाहिली.

केबल बदलणारा मित्र पडद्याआड होता आणि दोन्ही वेळा आवाजाची पातळी मल्टिमीटरने मोजून सारखी ठेवली होती. ही दक्षता घ्यावीच लागते, कारण किंचित वाढलेला आवाज कानाला मोठा वाटण्याऐवजी अधिक चांगला वाटतो. तानपुऱ्याची जवारी, तबल्याच्या चाटेवरचा टणक बोल आणि डग्ग्याची घुमार यांवर कान ठेवून ऐकले, तेव्हा केबल डोळ्यांसमोर असताना जाणवलेला मोकळेपणा पडदा लागताच नाहीसा झाला. कोणती केबल जोडलेली आहे, हे अंदाजापलीकडे कोणालाही सांगता आले नाही.

गणितही हेच सांगते. या साध्या वायरीचा रोध मीटरला सुमारे ७ मिलिओहम असतो. जाण्यायेण्याची मिळून सहा मीटर तार धरली तरी तो ०.०५ ओहमच्या आत राहतो आणि ८ ओहमच्या स्पीकरवर त्यामुळे होणारी घट जेमतेम ०.०५ डेसिबल भरते. अद्भुत दाव्यांची पोल उघडणारे जादूगार जेम्स रँडी यांनी २००७ मध्ये पेअर कंपनीची सात हजार डॉलरहून महाग केबल ऐकून ओळखून दाखवणाऱ्यास दहा लाख डॉलर देऊ केले होते. कंपनीने माघार घेतली आणि ती चाचणी झालीच नाही, याची मला आजही खंत वाटते.

तरीही केबलने कधीच फरक पडत नाही, असे म्हणणे चुकीचे ठरेल. पाऊण चौरस मिलिमीटरची बारीक वायर दहा मीटर लांब ओढून ४ ओहमच्या स्पीकरला जोडली, तर सुमारे एक डेसिबल घट होते, आणि स्पीकरचा रोध कंप्रतेनुसार बदलत असल्याने स्वरांचा समतोलही ढळतो. रेकॉर्ड प्लेअरच्या बाबतीत तर अधिक काळजी घ्यावी लागते : मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजच्या (सुईची थरथर हलत्या चुंबकाने विजेत बदलणाऱ्या भागाच्या) वेटोळ्याला ॲम्प्लिफायरकडे जाणाऱ्या केबलची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) जाऊन मिळते आणि ती फार झाली, तर वरच्या पट्टीतला आवाज आधी टोचरा होतो आणि त्यापुढे एकदम मावळतो. तेथे विक्रेत्याला मीटरमागे धारिता किती पिकोफॅरड, हे अवश्य विचारावे. स्वस्त केबलचा आकडाही पुष्कळदा योग्य निघतो.

ही केबल मी परत केली आहे. तिचे प्लग मात्र मनापासून आवडले; ॲम्प्लिफायरमध्ये ते घट्ट बसतात, आणि तसे प्लग सुटे विकत घेऊन साध्या वायरीलाही लावता येतात.