पारदर्शक पीएनजी लहान करायची आहे: इमेजमॅजिक की व्हिप्सथंबनेल?

जत्रेच्या पत्रिकेवर किंवा शिगमोच्या बॅनरवर खाली पुरस्कर्त्यांच्या चिन्हांची पट्टी असते. ती बसवणाऱ्याकडे चिन्हं येतात ती नाना आकारांत, काही पारदर्शक पीएनजी, काही पांढऱ्या चौकोनासकट जेपीजी. सगळी एका रुंदीत आणायला टर्मिनलवरची एक कमांड पुरते. घोळ नंतर दिसतो. पट्टी मरून रंगावर टाकली की एखाद्या चिन्हाला गुलाबी कड येते, एखाद्याची अक्षरं मऊ पडलेली असतात, एखादं काळ्या ठोकळ्यात बसलेलं असतं. कमांडने मात्र कुठेच तक्रार केलेली नसते.

या कामाला दोन हत्यारं समोर येतात: इमेजमॅजिक, आणि लिबव्हिप्स (थोडक्यात व्हिप्स) या चित्रांवर काम करणाऱ्या लायब्ररीबरोबर मिळणारं व्हिप्सथंबनेल. दोन्ही फुकट, दोन्ही विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतात. कमांड खाली देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलवर त्या अर्थातच रोमनमध्ये द्यायच्या.

आधी गुलाबी कडेचं बघू, कारण दोष बहुतेक वेळा भलत्यावरच टाकला जातो. पीएनजीमध्ये रंग आणि अल्फा, म्हणजे पिक्सेल किती भरीव ते सांगणारा आकडा (० पूर्ण पारदर्शक, २५५ पूर्ण भरीव), वेगवेगळे साठवलेले असतात. पूर्ण पारदर्शक पिक्सेललाही स्वतःचा रंग असतो, फक्त तो दिसत नाही. समजा चिन्ह शुद्ध लाल आहे (२५५, ०, ०) आणि शेजारच्या पारदर्शक पिक्सेलखाली पांढरा दडलाय. दोघांची सरळ सरासरी काढली तर कडेचा पिक्सेल (२५५, १२८, १२८) होतो, अल्फा १२८. म्हणजे गुलाबी. हे टाळायला सरासरी काढण्याआधी प्रत्येक रंगाला त्याच्या अल्फाने गुणावं लागतं आणि शेवटी परत भागावं लागतं. तसं केलं की तोच पिक्सेल (२५५, ०, ०) राहतो, अल्फा १२८.

इमेजमॅजिकचं ‘-रिसाइझ’ हे आपणहून करतं. व्हिप्सथंबनेलही करतं. पण त्याच घरातलं ‘व्हिप्स रिसाइझ’ करत नाही, आणि नावं इतकी जवळची की फसायला होतं. ते वापरायचंच असेल तर चार पायऱ्या आहेत: ‘व्हिप्स प्रीमल्टिप्लाय’, मग ‘व्हिप्स रिसाइझ’, मग ‘व्हिप्स अनप्रीमल्टिप्लाय’ आणि शेवटी ‘व्हिप्स कास्ट’ देऊन ‘युचार’, म्हणजे पुन्हा ० ते २५५ चे पूर्णांक. मधल्या फाइली ‘.व्ही’ या त्याच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये ठेवायच्या, कारण मधले आकडे अपूर्णांकात असतात आणि पीएनजीत ते कापले जातील. एवढं करण्यापेक्षा व्हिप्सथंबनेल बरं.

दोन्हींतून काढूनही कड दिसतेच आहे? मग ती मूळ फाइलमध्येच आहे. कुणीतरी पांढऱ्या कागदावरचं चिन्ह स्कॅन करून पार्श्वभूमी खोडलेली असते, आणि अर्धपारदर्शक कडेत पांढरा मिसळलेला असतो. त्याला लहान करण्याच्या कमांडमध्ये इलाज नाही.

याच गुणाकार-भागाकाराचा एक उपपरिणाम सांगून ठेवतो. लहान केल्यावर पूर्ण पारदर्शक भागाखालचा दडलेला रंग दोन्हींत काळा होतो. ब्राउझरमध्ये काही फरक पडत नाही. पण अल्फा न वाचणाऱ्या एखाद्या जुन्या प्रोग्राममध्ये जिथे आधी पांढरा चौकोन दिसायचा, तिथे आता काळा दिसतो, आणि माणूस म्हणतो चिन्ह बिघडवलं. अशा ठिकाणी पारदर्शकता काढूनच द्यावी. इमेजमॅजिकमध्ये ‘-बॅकग्राउंड व्हाइट -अल्फा रिमूव्ह -अल्फा ऑफ’.

आता ज्या एका गोष्टीने माझा कल ठरला तिच्याकडे येतो.

फिल्टर म्हणजे लहान करताना शेजारचे पिक्सेल कसे मिसळायचे त्याची रीत. इमेजमॅजिकला तो सांगितला नाही तर ते स्वतः निवडतं. साधं, अपारदर्शक चित्र लहान करताना लँक्झोस. चित्राला अल्फा असेल, किंवा ते मोजक्या रंगांच्या पॅलेटचं असेल, तर मिचेल. लँक्झोस धारदार, मिचेल मऊ. त्यामुळे एकाच फोल्डरवर एकच कमांड चालवली की पांढऱ्या चौकोनातली जेपीजी चिन्हं टवटवीत दिसतात आणि नीट तयार केलेली पारदर्शक चिन्हं थोडी झोपलेली. ज्याने व्यवस्थित फाइल पाठवली त्याचंच चिन्ह मऊ! कागदपत्रांत हे लिहिलेलं आहे, लपवलेलं नाही, पण पट्टीतला फरक बघून कुणालाही आधी मूळ फाइलवरच संशय येतो.

रोमन अक्षरांवर हा मऊपणा एकवेळ खपून जातो. देवनागरीवर खपत नाही. गोव्यात देवस्थानाचं किंवा नाट्यमंडळाचं चिन्ह बहुधा दोन्ही लिप्यांत असतं, म्हणून तुलना एकाच चित्रात करता येते. २४०० पिक्सेल रुंदीच्या चिन्हात शिरोरेषा २० पिक्सेल जाड धरा. रुंदी २४० केली की ती दोन पिक्सेल उरते, तीही नेमकी पिक्सेलच्या ओळीवर बसली तर. नाही बसली तर एक ओळ भरीव आणि तिच्या वर-खाली अर्धवट ओळी. मिचेलमध्ये या अर्धवट ओळी आणखी पसरतात. शिरोरेषा राखाडी होते, अनुस्वार रेषेला चिकटतो, रफार आणि वेलांटीची टोकं एकमेकांत जातात. ‘शांतादुर्गा’ हा शब्द लहान करून बघा, रफार कुठे संपतो आणि काना कुठे सुरू होतो ते सांगता येणार नाही. शेजारचं रोमन नाव मात्र ठणठणीत असतं.

इलाज सोपा आहे, फिल्टर सांगायचा:

मॅजिक चिन्ह.पीएनजी -फिल्टर लँक्झोस -रिसाइझ २४०एक्स पीएनजी३२:लहान.पीएनजी

‘-फिल्टर’ हा ‘-रिसाइझ’च्या आधी हवा. सातव्या आवृत्तीत डावीकडून उजवीकडे क्रमाने काम होतं, नंतर दिलेल्या फिल्टरचा काही उपयोग नाही.

शेवटचं ‘पीएनजी३२:’ कशाला? कारण हीच खोड फाइल लिहितानाही दिसते. इमेजमॅजिक पिक्सेल तपासून पीएनजीचा प्रकार ठरवतं. चिन्ह नुसतं काळं असेल तर फाइल ग्रे-अधिक-अल्फा होते. कुठेच पारदर्शक पिक्सेल नसेल तर अल्फा गळतो. रंग २५६ च्या आत असतील तर पॅलेट. जागा वाचते हे खरं, पण पुढची स्क्रिप्ट चार चॅनेल (लाल, हिरवा, निळा आणि अल्फा) गृहीत धरत असेल तर ती नेमकी त्या एका काळ्या चिन्हावर अडते. ‘व्हिप्सहेडर लहान.पीएनजी’ चालवलं की कळतं; चॅनेलला ते बँड म्हणतं. रंगीत चिन्हाला ‘४ बँड्स, एसआरजीबी’ असं उत्तर येतं, आणि त्याच कमांडने काढलेल्या काळ्याला ‘२ बँड्स, बी-डब्ल्यू’. ‘पीएनजी३२:’ लावलं की सगळीकडे चार चॅनेल सक्तीचे.

म्हणजे फिल्टर आणि फाइलचा प्रकार, दोन्ही खोडींना उत्तर आहे. माझी कुरकुर एवढीच की ते दर वेळी आठवावं लागतं, आणि विसरलं तर काही अडत नाही, फक्त निकाल चित्रागणिक बदलतो. व्हिप्सथंबनेल चित्रात काय आहे हे बघून मत बदलत नाही. अल्फा असो वा नसो, लहान करताना लँक्झोसच. चार चॅनेल आत गेले तर चार बाहेर.

त्याची खोडी वेगळी आहे, आणि पहिल्याच दिवशी भेटते. नाव न सांगता ‘व्हिप्सथंबनेल चिन्ह.पीएनजी’ एवढंच दिलं तर तयार होते ‘टीएन_चिन्ह.जेपीजी’, १२८ पिक्सेलच्या चौकटीत. जेपीजीत पारदर्शकता नसते, म्हणून पार्श्वभूमी काळी. सुरुवातीला सांगितलेला काळा ठोकळा बऱ्याचदा हाच. पण हे लगेच डोळ्यांत भरतं. एकदा नीट लिहून ठेवलं की संपलं:

व्हिप्सथंबनेल *.पीएनजी -एस "२४०एक्स>" -ओ टीएन_%एस.पीएनजी

अवतरणचिन्हं विसरू नका. ‘>’ म्हणजे मूळ चित्र लहान असेल तर वाढवू नको, आणि अवतरणाशिवाय शेल त्याचा अर्थ ‘फाइलमध्ये लिही’ असा घेतं. इमेजमॅजिकलाही हेच लागू. ‘>’ दिलं नाही तर दोन्ही हत्यारं बारक्या चिन्हाला बिनदिक्कत ताणतात.

व्हिप्सथंबनेलची खरी मर्यादा म्हणजे फिल्टर निवडता येत नाही. लँक्झोसची धार फुकट येत नाही. गडद कडेबाहेर दोन-तीन पिक्सेलवर तो अल्फाची पुसट रेघ सोडतो, २५५ पैकी तीन-चार एवढीच. डोळ्यांना दिसत नाही, पण नंतर रिकाम्या कडा कापणारं इमेजमॅजिकचं ‘-ट्रिम’ चालवलं तर कापणी त्या रेघेपर्यंतच होते आणि चिन्ह मधोमध बसत नाही. म्हणून ट्रिम आधी, लहान करणं नंतर. मऊ सावली किंवा धूर असलेल्या चित्राला मला तरी मिचेल जास्त शोभतो, तिथे इमेजमॅजिकची मूळ निवडच योग्य म्हणावी लागेल. आणि मोजक्या रंगांची पिक्सेल-कला असेल, तिथे नवा रंग एकही यायला नको, तर इमेजमॅजिकच्या ‘-सॅम्पल’ला व्हिप्सथंबनेलकडे तोड नाही.

चौकटीत बसवायचं काम इमेजमॅजिकमध्ये एकाच ओळीत होतं: ‘-बॅकग्राउंड नन -ग्रॅव्हिटी सेंटर -एक्स्टेंट ३००एक्स१५०’. यातलं ‘-बॅकग्राउंड नन’ राहिलं तर कडेला भरीव पांढऱ्या पट्ट्या येतात. व्हिप्समध्ये त्यासाठी दुसरी कमांड: ‘व्हिप्स ग्रॅव्हिटी लहान.पीएनजी चौकट.पीएनजी सेंटर ३०० १५०’ (इथे सेंटर ब्रिटिश स्पेलिंगने, शेवटी आर-ई). चार चॅनेलच्या चित्राला ती कड आपोआप पारदर्शक ठेवते.

फाइल फुगण्याचं दुःख दोघांत सारखंच. पॅलेटवाली ८-बिट पीएनजी लहान केली की कडांवर शेकडो मधले रंग तयार होतात आणि आकार अर्धा होऊनही किलोबाइट वाढू शकतात. व्हिप्सथंबनेलच्या आउटपुट नावापुढे कंसात ‘[पॅलेट]’ लावता येतं, नाहीतर शेवटी पीएनजीक्वांट, हे पीएनजीचे रंग कमी करणारं वेगळं हत्यार.

इमेजमॅजिक आणखी एक छोटी गोष्ट करतं, फाइलमध्ये तारखा लिहितं. त्यामुळे तीच कमांड पुन्हा चालवली तर पिक्सेल तेच, पण फाइल वेगळी ठरू शकते, आणि सिंक करणारं सॉफ्टवेअर सगळं फोल्डर परत चढवत बसतं. ‘-डिफाइन पीएनजी:एक्सक्लूड-चंक्स=डेट,टाइम’ ने थांबतं.

वेगाबद्दल घड्याळ लावून काही सांगत नाही, पण मोठ्या फाइलींवर व्हिप्सथंबनेलचा हलकेपणा साध्या लॅपटॉपवरही जाणवतो. कारण उघड आहे. इमेजमॅजिक अख्खं चित्र मेमरीत उलगडतं, आणि सातव्या आवृत्तीच्या नेहमीच्या बांधणीत चार चॅनेलच्या पिक्सेलला १६ बाइट लागतात. १०,००० बाय १०,००० पिक्सेलचं फ्लेक्सचं चित्र म्हणजे सुमारे १.६ जीबी. उबुंटू-डेबियनच्या पॅकेजांत त्याला मेमरीच्या मर्यादा घातलेल्या असतात, त्यामुळे अशा फाइलवर ते मध्येच ‘कॅश रिसोर्सेस एक्झॉस्टेड’ म्हणून थांबू शकतं. व्हिप्स पट्ट्या-पट्ट्यांनी वाचत पुढे सरकतं.

तेव्हा चित्रागणिक वेगळं काही करायचं असेल, सावल्या, चौकटी, वर मजकूर, तर इमेजमॅजिक ठेवा आणि फिल्टर व ‘पीएनजी३२:’ कमांडमध्ये कायमचे लिहून टाका. फोल्डरभर चिन्हं एकसारखी लहान करायची असतील, विशेषतः देवनागरी अक्षरांची, तर मी व्हिप्सथंबनेलकडेच वळेन. दोन्ही एकत्र सुखाने नांदतात. ट्रिम इमेजमॅजिककडून, लहान करणं व्हिप्सथंबनेलकडून, असा माझा साधारण रिवाज. इमेजमॅजिकचं अनेक फाइली एकदम बदलणारं ‘मॉग्रिफाय’ वापरत असाल तर ‘-पाथ’ देऊन वेगळं फोल्डर सांगा, नाहीतर ते मूळ फाइलींवरच लिहितं.

छापायला पाठवण्याआधी कुठल्याही हत्याराच्या निकालावर ही तपासणी चालवून घ्या:

मॅजिक लहान.पीएनजी -अल्फा एक्स्ट्रॅक्ट -थ्रेशोल्ड ० मुखवटा.पीएनजी

मुखवट्यात जिथे जिथे अल्फा शून्याहून जास्त तिथे पांढरं दिसेल. चिन्हाभोवती सुटी पांढरी रेघ आली तर ती लँक्झोसची, मरून पट्टीवर तिने काही बिघडत नाही. कोपऱ्यात ठिपके आले तर पार्श्वभूमी खोडणाऱ्याचा हात अपुरा पडलाय, फाइल परत मागवा.