जुन्या एमजीबीला ब्रेक पाइप: स्टीलचा की तांबे-निकेलचा?

एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार १९६२ ते १९८० या काळात बनली. दारव्ह्याकडच्या शेतातल्या शेडमध्ये अशी एखादी गाडी उभी असेल, तर आधी गाडीखाली वाकून ब्रेकचे पाइप बघा. आपली काळी माती क्लिपांमध्ये घट्ट बसते, पावसाळाभर ओल धरून ठेवते आणि स्टील नेमकं तिथेच गंजतं. वरून पाइप चांगला दिसतो, गंज क्लिपखाली असतो.

स्टीलचा पाइप स्वस्त आणि कडक. खडी उडाली तरी सहज चेपत नाही. पण हाताने वाकवताना तो चिमटतो, टोकाची फ्लेअरही (जोडासाठी पसरवलेलं तोंड) कष्टाने बसते. शिवाय वरचा लेप खरचटला की गंज सुरू.

तांबे-निकेलच्या पाइपात साधारण ९० टक्के तांबं आणि १० टक्के निकेल असतं. तो गंजत नाही, हाताने वळतो, फ्लेअर पहिल्याच खेपेला नीट येते. व्होल्वोने १९७०च्या दशकातच तो कारखान्यातून बसवायला घेतला. महाग आहे, मऊ असल्याने क्लिपा जवळजवळ लावाव्या लागतात. दाब मात्र दोन्ही सारखाच पेलतात.

माझा कौल तांबे-निकेललाच. फक्त फ्रिजवाल्याकडची शुद्ध तांब्याची नळी कोणी सुचवली तर कृपा करून ऐकू नका: कंपनाने ती कडक होऊन तडकते, आणि इथे प्रश्न जिवाचा आहे. पाइप बदलताना रबरी होजही बदला, नवं डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल भरा.