टगच्या इंजिनखोलीतला पंखा: एक उन्हाळा, एक पावसाळा वापरल्यावर

माझी रिमोटवरची बोट म्हणजे न्हावा शेवा बंदरात मोठ्या जहाजांना ढकलणाऱ्या टगचं मीटरभर लांबीचं मॉडेल. ब्रशलेस मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) आणि लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी, सगळं एकाच बंद खणात. ते तापू नये म्हणून ४० मिमीचा, ५ व्होल्टचा पंखा आणि कर्ण्यासारख्या वाकलेल्या दोन हवानळ्या असा तयार संच मार्चमध्ये घेतला. ठाण्यात उपवन तलावावर मे महिन्याचं ऊन आणि नंतरचा पाऊस, दोन्ही त्यानं पाहिलेत.

वॉटर कूलिंग (तलावाचंच पाणी नळीतून फिरवून गारवा देणं) असताना पंखा कशाला, असं बरेच जण विचारतात. वेगवान बोटीला ते पुरतं, कारण बहुतेक बोटींत पाणी नळीत चढतं ते वेगाच्या जोरावर. शिवाय ती काही मिनिटंच पळते. टग मात्र माणसाच्या चालीनं अर्धा-अर्धा तास फिरते, तेवढ्या वेगात पाणी धड चढत नाही. चढलं तरी थंड होतात मोटर आणि ईएससी. बॅटरीला त्याचा उपयोग शून्य. लिपो ६० अंशांच्या वर जाऊ द्यायची नसते, आणि मेच्या उन्हात गडद रंगाचं डेक आधीच तापलेलं असतं.

संचाबरोबरच्या कागदात पंखा आणि नळ्या शेजारी-शेजारी दाखवल्या आहेत. ही मांडणी मला अजिबात पटत नाही. पंखा शेजारच्या नळीतली ताजी हवा ओढतो आणि तीच बाहेर टाकतो. बॅटरीभोवतीची हवा जागची हलत नाही. मी नळ्या नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे, बसवल्या आणि पंखा मागे, धुराड्याच्या बुडाशी, हवा वर फेकणारा. आता हवा आधी बॅटरीवरून, मग ईएससीवरून, शेवटी मोटरवरून जाते. झाकणाच्या कडेला पातळ फोमची पट्टी हवीच, नाहीतर पंखा जवळच्या फटीतूनच हवा ओढतो.

दुसरी अडचण मापाची. ४० मिमी पंख्याचं तोंड साधारण साडेबारा चौरस सेंटीमीटर, तर आतून २० मिमी असलेल्या दोन नळ्या मिळून सव्वासहा. म्हणजे निम्मंच. पंखा घुसमटतो, नुसता आवाज वाढतो. मी आणखी दोन नळ्या लावल्या आणि फरक हाताला कळला: बॅटरी बाहेर काढताना आता कोमट लागते, पूर्वी चटका बसायचा.

पंखा हवा ओढतो तसे तुषारही ओढतो. त्यावर खऱ्या नौकांचा उपाय उत्तम आहे, १९३० च्या ‘डोराड’ या शर्यतीच्या शिडनौकेच्या नावानं ओळखली जाणारी पेटी. नळी थेट खाली न उतरता पेटीत उघडते. पाणी पेटीच्या तळाच्या भोकांतून डेकवर निघून जातं, आणि हवा बाजूच्या, तळापासून उंच ठेवलेल्या दुसऱ्या नळीनं आत जाते. मी ती प्लास्टिकच्या शीटची केली. जुलैच्या सरींतही खणात पाणी आलं नाही.

दमटपणावर मात्र पंखा उपाय नाही. पावसाळ्यात कनेक्टरवर हिरवट थर धरू लागला, त्यामुळे घरी आल्यावर बॅटरी काढून झाकण रात्रभर उघडंच ठेवतो.

संचातला पंखा स्लीव्ह बेअरिंगचा (आस साध्या नळकांडीत फिरणारा) होता, सप्टेंबरपर्यंत घरघरू लागला. मुंबईत इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार असलेल्या लॅमिंग्टन रोडवरून त्याच मापाचा बॉल बेअरिंगचा आणला, तो शांत चालतोय. पुन्हा घ्यायचं झालं तर संच घेणार नाही. असा पंखा आणि चार नळ्या सुट्ट्या घेईन.