डिकीचा तळ: मॅट, ट्रे की नवी फळी?

एसयूव्हीच्या डिकीत काय अंथरायचं, याचा शोध बहुतेक जण थेट मॅटपासून सुरू करतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे, आधी डिकी रिकामी करा, तळाची फळी उचला आणि खाली बघा. तळ झाकायचा की बदलायचा, हे तिथे ठरतं.

कंपनीतून आलेला तळ वरून गालिच्यासारखा दिसतो, पण त्यात दोन थर असतात. वर पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या तंतूंचं नमद्यासारखं कापड. खाली दाबून बनवलेला हार्डबोर्ड, नाहीतर आत षटकोनी घरांचा कागदी गाभा असलेली हलकी फळी. कापड चिवट असतं, सहसा फाटत नाही. दुखणं असतं ते फळीचं. पाणी झिरपत हार्डबोर्डच्या कडेपर्यंत गेलं की कड फुगते, थर सुटतात आणि नंतर कितीही उन्हात वाळवली तरी ती पहिल्यासारखी होत नाही. म्हणून फळी उलटी करा आणि कडेकडेने अंगठा दाबत जा. अंगठा रुतला, भुसा हाताला लागला किंवा मधोमध दाब देताच फळी लवली, तर मॅटचा विचार सोडा. नाजूक झालेल्या फळीवर मॅट टाकली तर ओल आत कोंडते, कुबट वास येऊ लागतो आणि फळी एक दिवस जड पेटीखाली मोडते.

स्टेपनीचा खळगाही बघून घ्या. तिथे पुन्हा पुन्हा पाणी साचत असेल तर ते सांडलेलं नाही. मागच्या दाराच्या रबरी पट्टीतून किंवा मागच्या दिव्याच्या बुडातून ते आत येत असण्याची शक्यता जास्त. ती गळती बंद केल्याशिवाय वरचा कुठलाच खर्च कामाला येणार नाही.

फळी धड आहे? मग खरी निवड तीन गोष्टींत आहे: उंच कडांचा साचेबद्ध ट्रे, जाड रबरी मॅट किंवा कापडी कव्हर. डिकीत काही सांडतं, की काही आपटतं, की काही घासतं, एवढं स्वतःला विचारा.

सांडणाऱ्यासाठी ट्रेला तोड नाही. टीपीई नावाच्या रबरासारख्या लवचीक प्लॅस्टिकचा, तुमच्याच मॉडेलच्या मापाचा ट्रे घ्या. त्याच्या उंच कडा पाणी, चिखल, दूध, झाडाच्या कुंडीतली माती, सगळं आत अडवून धरतात. ट्रे उचलायचा, धुवायचा, परत ठेवायचा. वजनाला हलका, वास जवळजवळ नाही. पीव्हीसीच्या मॅट दिसायला तशाच असतात, पण नव्यात त्यांचा वास बंद गाडीत बराच रेंगाळतो आणि थंडीत त्या ताठ होतात. कडक प्लॅस्टिकचे ट्रेही मिळतात, मात्र त्यांवर सामान वळणावर इकडून तिकडे घसरत राहतं. ट्रेची खरी उणीव वेगळी आहे: तो सीटची पाठ झाकत नाही. सीट पाडून लांब सामान न्यायचं झालं की ट्रेची पुढची कड मध्ये येते आणि तिच्यापुढचा भाग उघडाच राहतो.

आपटणाऱ्या सामानासाठी, म्हणजे अवजारं, जॅक, लोखंडी पेट्या, यांच्यासाठी रबरी मॅट बरी. रबर धक्का गिळतं, सामान धरून ठेवतं आणि कापली जाण्याची भीती कमी. पण ती जड असते: 6 मिमी जाडीची मॅट दर चौरस मीटरला साधारण 7 ते 9 किलो भरते, त्यामुळे धुण्यासाठी बाहेर काढायचा कंटाळा येतो. कडा नसल्याने पाणी बाजूने खाली उतरतं. शिवाय साधं रबर तेल-पेट्रोलने फुगतं. तेलाचे डबे वरचेवर नेत असाल तर ते वेगळ्या बंद पेटीतच ठेवा.

कुत्रा नेणाऱ्यांना मी निःसंकोच कापडी कव्हर सुचवेन. डोकं टेकायच्या उशांना पट्ट्यांनी अडकवलेलं, सीटच्या पाठीपासून तळावर आणि बंपरवर उलटणाऱ्या पदरापर्यंत जाणारं. नखांचे ओरखडे सर्वांत जास्त उठतात ते बंपरच्या काठावर आणि सीटच्या पाठीवर, आणि ट्रे किंवा मॅट त्या जागी पोचतच नाही. केस नमद्यात रुतले की काढता काढता जीव नकोसा होतो. कव्हर झटकता येतं. जलरोधक म्हणून विकलेल्या कव्हरमध्येही शिवणीतून पाणी झिरपू शकतं, तेव्हा ओलं कव्हर रात्रभर आत ठेवू नका.

काहीही घ्या, तीन जागा झाकू नका: सामान बांधायच्या कड्या, तळाची फळी उचलायची मूठ आणि हवेच्या जाळ्या. काही हायब्रीड गाड्यांत बॅटरी थंड ठेवणारी हवा मागच्या सीटजवळच्या किंवा डिकीच्या बाजूच्या जाळीतून ओढली जाते. ती बुजली तर बॅटरी तापते. कड्या उघड्या हव्यात, कारण मॅट कितीही पकड देणारी असली तरी जोरात ब्रेक लागला की जड पेटी पुढे येतेच. ती बांधावीच लागते.

आता फळीच बदलायची असेल तर. कंपनीचा मूळ भाग मागवला तर बिजागऱ्या, मूठ, खाचा सगळं जागच्या जागी बसतं, पण दुर्बळपणाही तोच येतो. एकदाच कधीतरी पाणी सांडून फळी गेली असेल तर हाच मार्ग घ्या. रोज जड सामान चढत असेल तर मरीन प्लायवूड, म्हणजे पाण्याला टिकणारं प्लाय, बसवा. 12 मिमीचं प्लाय दर चौरस मीटरला 7-8 किलो होतं. बहुतेक डिक्यांना 9 मिमीचं पुरतं, खालचा आधार नीट असेल तर. अॅल्युमिनियमची चेकर प्लेट, म्हणजे उठावाच्या नक्षीचा पत्रा, टिकाऊ खरी, पण खडखडते, उन्हात तापते, ओली झाली की निसरडी होते आणि 3 मिमीलाच प्लायइतकी जड पडते. घरच्या गाडीत मी ती बसवणार नाही.

प्लाय कापताना जुनी फळी फुगलेली असली तरी टाकू नका, तोच तुमचा नमुना. वर ठेवून पेन्सिलीने आखा, फुगलेल्या कडेचा वाढीव भाग वगळा. कापल्यावर चारही कडांना आणि खालच्या बाजूला वार्निशचे दोन हात द्या, पाणी कडेतूनच शिरतं. टेकणाऱ्या जागी फोमची पट्टी चिकटवा, म्हणजे आवाज येणार नाही. जाडी वाढली की तळ वर येतो. म्हणून वरचा थर चिकटवण्याआधी कोरी फळी आत ठेवून दोन्ही सीट पाडून बघा, तळ वर-खाली करता येत असेल तर दोन्ही उंचींवर बसवून बघा, आणि मागचं दार न दाबता बंद होतंय ना, याची खात्री करा.