वस्तीतल्या अभ्यासिकेला पैसा कुठून आणायचा: वर्गणी, ८०जी देणगी, सीएसआर की ‘उमेद’?

समजा, तीस मुलांची अभ्यासिका चालवायची आहे. खोलीभाडं ३,५००, शिकवणाऱ्या ताईंचं मानधन ६,०००, वह्या-खडू-वीजबिल मिळून १,५००. महिन्याचे ११,०००, वर्षाचे १ लाख ३२ हजार. बहुतेक मंडळं आधी मोठी रक्कम कुठे मिळते ते बघतात आणि मग कागद जमवत बसतात. आधी मंडळाच्या कागदांची फाइल उघडा. त्यात काय आहे त्यावरून रस्ता ठरवा.

मंडळाची संस्था म्हणून नोंदणीच नसेल, तर आज हातात फक्त वर्गणी आहे. तीही सरसकट नाही: महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, गणेशोत्सवाला मंडळं घेतात तीच. ती ठरावीक मुदतीची असते आणि नंतर हिशोब द्यावा लागतो. फायदा हा की भाडं आणि मानधन दोन्ही यातून बिनबोभाट भागतं. हे खर्च बाकीचे देणगीदार नाकं मुरडत देतात. अडचण महिन्यांची. सणात डबा भरतो, फेब्रुवारीत परीक्षा तोंडावर आल्या की रिकामा. म्हणून जमलेल्या रकमेतून तीन महिन्यांचं भाडं आणि मानधन आधीच बाजूला काढा.

नोंदणी आहे आणि आयकरातली १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी) व ८०जी (देणगीदाराला करात वजावट) ही दोन प्रमाणपत्रंही आहेत, तर मोठ्या देणगीदारांकडे जाता येतं. पण ८०जीचं आकर्षण पूर्वीइतकं उरलेलं नाही. नव्या करप्रणालीत ही वजावट मिळत नाही, त्यामुळे बऱ्याच पगारदारांना त्या पावतीचा उपयोग नाही. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला तर जुन्या प्रणालीतही सवलत नाही. शिवाय देणगीदारांची यादी दरवर्षी ३१ मेपर्यंत आयकर पोर्टलवर भरायची. चुकलं की दिवसाला २०० रुपये. वर्षाला दहा-बारा देणगीदार असतील, तर सीएची फी धरून हिशोब मांडा आणि मगच ठरवा.

सीएसआर म्हणजे कंपन्यांनी नफ्यातून समाजकामावर खर्चायचा पैसा. त्याची रक्कम मोठी, पण फाइल तपासली जाते ती इथेच. संस्थेला १२ए, ८०जी आणि त्यावर कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची सीएसआर-१ नोंदणी लागते. तीन वर्षांचे ऑडिट केलेले हिशोबही बहुतेक कंपन्या मागतात. अर्ज अडतो तो भलत्याच जागी. नोंदणी प्रमाणपत्रावर ‘युवक मंडळ’, बँक खात्यावर ‘मित्र मंडळ’. किंवा अनुसूची एकवर (धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीवर) असलेले खजिनदार पाच वर्षांपूर्वी वारले आणि बदल अर्ज कुणी दिलाच नाही. कायद्याने तो ९० दिवसांत द्यायचा असतो. उशीर माफ करून घेण्यात आणि मंजुरीत महिने जातात, तोवर कंपनीचं आर्थिक वर्ष संपतं.

दुसरी गोम हप्त्यांची. पुढचा हप्ता उपयोगिता प्रमाणपत्रानंतर, म्हणजे आधीचा पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला दिल्यावर, सुटतो. भाडं रोख दिलं, घरमालकाने पावती दिली नाही, की तेवढा खर्च नामंजूर. ५,००० च्या वरच्या रोख पावतीवर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट हवं, हे ऐनवेळी आठवतं.

अर्ज करायचाच, तर जवळच्या एमआयडीसीतली मध्यम कंपनी बघा. जिची वर्षाची सीएसआर रक्कम ५० लाखांपर्यंत आहे तिला वेगळी सीएसआर समिती नेमावी लागत नाही, निर्णय संचालक मंडळच घेतं. बड्या कंपनीच्या पोर्टलपेक्षा इथे माणसाशी बोलता येतं.

‘उमेद’चा, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचा, निधी या रांगेत चुकून उभा केला जातो. तो ग्रामीण भागातल्या महिला बचत गटांसाठी आहे. गटात साधारण दहा ते वीस जणी, आणि काही महिने पंचसूत्री पाळलेली हवी: नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, लेखे. फिरता निधी सरकारला परत करायचा नसतो, पण तो गटातच कर्जरूपाने फिरला पाहिजे. समुदाय गुंतवणूक निधी ग्रामसंघाकडून (गावातल्या बचत गटांच्या संघाकडून) येतो आणि व्याजासह फेडायचा असतो. यातून शेळी घ्या, शिलाई मशीन घ्या. अभ्यासिकेचं भाडं नको.

परदेशातल्या नातेवाइकांबद्दल एवढंच: भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या कमाईतून दिलेले पैसे विदेशी देणगी ठरत नाहीत. नागरिकत्व बदललेल्या भावाचे शंभर डॉलर मात्र ठरतात, आणि एफसीआरए (विदेशी देणग्यांचा कायदा) खालच्या नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय ते घेता येत नाहीत.

आपल्यासारख्या आकाराच्या कामाला पहिली दोन वर्षं वर्गणी, आणि सोबत एखाद्या नोंदणीकृत संस्थेचं छत्र, हा मार्ग परवडतो. मात्र सीएसआरचा पैसा त्या संस्थेने तुमच्या मंडळाच्या खात्यात वळता करू नये. उपक्रम तिचाच दाखवावा, ताईंचं मानधन थेट तिच्या खात्यातून जावं, कार्यालयीन खर्चाचा टक्का आधी ठरवावा. आणि करारपत्रात भाडेकरार कुणाच्या नावावर आहे तेही लिहून घ्या. संस्था बाजूला झाली तर अभ्यासिकेची किल्ली कुणाकडे, हा प्रश्न तिथूनच निघतो.